सीटी न करता एमआरआयवरूनच हाड मोजता येतं का? खांदा, खुबा, एसआय सांधा

निपाणी_एमआर

नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडी पट्ट्यातून कबड्डी आणि कुस्ती खेळणारी तरुण मुलं वारंवार खांदा निखळतो म्हणून एमआरआयला येतात. लेब्रम (खांद्याच्या वाटीच्या कडेची कूर्चेसारखी कडी) बघायला एमआरआय होतो. मग वाटीचं हाड किती गेलंय ते मोजायला सर्जन वेगळा थ्रीडी सीटी मागतात. आमच्या सेंटरला सीटी नाही, त्यामुळे त्याच पेशंटला परत बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. एका सांध्यासाठी दोन बिलं, दोन दिवसांचा रोजगार बुडतो.

मशीन १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद). आठ चॅनलची शोल्डर कॉइल आहे, थ्रीडी ग्रेडियंट इको आणि मल्टी-इको (एकाच स्कॅनमध्ये वेगवेगळ्या वेळी टिपलेले अनेक सिग्नल) दोन्ही चालतात. झीरो-टीईचं (सिग्नल जवळजवळ लगेच टिपणारी पद्धत; टीई म्हणजे सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) लायसन्स नाही. एमआरआयवरून सिंथेटिक सीटी तयार करणारं सॉफ्टवेअर घ्या म्हणून विक्रेते मागे लागलेत, पण त्याची वर्षाची फी बरीच आहे. आहे त्या मशीनवर सिक्वेन्स (सिग्नल घ्यायची पद्धत) बसवून चित्र उलटं केलं, म्हणजे काळ्याचं पांढरं केलं, तर सर्जनचं काम भागेल का? की त्यात धोका आहे? नेमके आकडे आणि कुठं फसतं ते सांगितलंत तर उपकार होतील. एसआय सांध्याचे (सॅक्रोइलियाक, पाठीचा कणा कमरेच्या हाडाला मिळतो तो सांधा) पेशंटही बरेच असतात, त्याबद्दलही लिहा.

सीमाभाग_रेडिओ

निपाणीकर, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या वस्तू एकत्र आल्यात, त्या आधी सोडवू.

पहिली वस्तू म्हणजे सीटीसारखा दिसणारा एमआरआय. झीरो-टीई, अल्ट्राशॉर्ट-टीई, ब्लॅक बोन, फिलिप्सवाल्यांचा फ्रॅक्चर नावाचा सिक्वेन्स, हे सगळे त्यात आले. इथं चित्र एमआरचंच असतं. हाडाच्या कॉर्टेक्सचा (बाहेरच्या घट्ट थराचा) टी-टू-स्टार (सिग्नल विरायला लागणारा वेळ) अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास असतो, त्यामुळे नेहमीच्या सिक्वेन्समध्ये तो काळाच येतो. ती काळी रेघ उलटी करून पांढरी दाखवायची, एवढाच खेळ. यात हाउन्सफील्ड (सीटीतली घनतेची मोजपट्टी) आकडे नसतात.

दुसरी वस्तू म्हणजे खरं सिंथेटिक सीटी. अनेक पेशंटांचे एमआरआय आणि सीटी जोडीनं दाखवून एक न्यूरल नेटवर्क शिकवलेलं असतं. ते तुमच्या मल्टी-इको डेटावरून प्रत्येक वोक्सेलला (थ्रीडी चित्राच्या ठिपक्याला) हाउन्सफील्ड किंमत देतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या एमआरआयगाइडन्स कंपनीचं बोनएमआरआय या प्रकारातलं.

एसआय सांध्यात हा फरक लगेच कळतो. साध्या टी-वन (एमआरआयचा नेहमीचा प्रकार) चित्रात स्क्लेरोसिसही (हाड घट्ट होणं) काळा आणि इरोजनही (हाड कुरतडलं जाणं) काळं. दोन्ही शेजारी शेजारी असले की इरोजनची कड कुठं संपते हे सांगताना चांगले रेडिओलॉजिस्टही एकमेकांशी सहमत होत नाहीत. सिंथेटिक सीटीत स्क्लेरोसिस पांढरा उमटतो आणि इरोजनचा खड्डा करडा, म्हणून वाचन सोपं होतं. बेल्जियममधल्या गेंटच्या गटानं २०२१ मध्ये रेडिओलॉजी नियतकालिकात हीच तुलना छापली. खऱ्या सीटीला प्रमाण मानलं, तेव्हा इरोजन, स्क्लेरोसिस आणि सांधा जुळून येणं या तिन्हींत सिंथेटिक सीटी टी-वनपेक्षा सरस ठरलं.

नुसतं चित्र उलटं करून हा फायदा मिळत नाही. काळं ते सगळंच पांढरं होतं: कॉर्टेक्स, स्क्लेरोसिस, टेंडन, लिगामेंट आणि सांध्यातला गॅससुद्धा. एसआय सांध्यात व्हॅक्यूमचा गॅस नेहमी सापडतो. उलट्या चित्रात तो सांधा जुळल्यासारखा दिसतो, आणि अँकिलोसिस लिहून मोकळं झालं तर त्या पेशंटच्या गळ्यात आयुष्यभराचं निदान पडतं. नेटवर्कचीही हीच अडचण आहे, कारण एमआरमध्ये गॅस आणि घट्ट हाड दोन्हीकडून सिग्नल येत नाही. शंका आली की पहिला इको आणि शेवटचा इको शेजारी ठेवून बघा. गॅस असेल तर टीई वाढेल तसा काळा डाग फुगतो. हाड जवळपास तेवढंच राहतं.

आणि स्टर (सूज दाखवणारा सिक्वेन्स) सोडू नका. मज्जेतली सूज सिंथेटिक सीटीत दिसत नाही, आणि रोग आज धगधगतोय का ते सूजच सांगते. हाडाचं चित्र त्या जोडीला. बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या बायकांत इलियमच्या (कमरेच्या रुंद हाडाच्या) पुढच्या भागात त्रिकोणी स्क्लेरोसिस सापडतो. सांध्याची कड शाबूत आणि इरोजन नाही, हे स्वच्छ दाखवता आलं तर विनाकारण संधिवाताची औषधं टळतात. माझ्या मते सिंथेटिक सीटीचा सर्वांत मोठा उपयोग याच गटाला आहे.

किरणांचं गणितही सरळ मांडतो. ओटीपोटाच्या सीटीला सरासरी ६ मिलिसिव्हर्ट, कमरेच्या मणक्यालाही साधारण तेवढेच, खांद्याला २ च्या आसपास. निसर्गातून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. म्हणजे खांद्याच्या सीटीला किरणांपायी घाबरायचं कारण नाही, तिथं प्रश्न हेलपाट्यांचा आणि खर्चाचा. खुबा, एसआय आणि कमरेच्या बाबतीत मात्र विशीतल्या मुलामुलींना किरण टाळणं ही खरी कमाई आहे.

इको_टाइम

मी सिक्वेन्सपुरतं लिहितो. १.५ टेस्लावर खांद्यासाठी फुकटात बसवण्यासारखा उपाय म्हणजे इन-फेज मल्टी-इको.

चरबी आणि पाणी यांच्या फ्रिक्वेन्सीत १.५ टेस्लाला सुमारे २२० हर्ट्झचा फरक असतो. म्हणून दोघं ४.६ मिलिसेकंदांनी एका फेजमध्ये येतात. चार इको घ्या: ४.६, ९.२, १३.८, १८.४. थ्री टेस्लावर हे आकडे निम्मे होतात. १.५ टेस्लावर २.३ ला इको ठेवला तर चरबी-पाण्याच्या प्रत्येक सीमेवर काळी रेघ उमटते. मज्जेत चरबी असते, बाहेर स्नायू असतो, त्यामुळे ती रेघ बरोब्बर कॉर्टेक्सच्या जागी बसते आणि उलट्या चित्रात हाड जाड दिसतं. कंपनीच्या तयार व्हायब किंवा लाव्हा प्रोटोकॉलमध्ये टीई पुष्कळदा २.३ च्या आसपासच असतो, तो तसाच उचलू नका. फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबणं) लावलं असेल तर रेघ येत नाही. एसआयमध्ये कूर्चा आणि इरोजन बघायला तसा व्हायब चांगलाच आहे.

टीआर (दोन पल्समधला वेळ) २४ मिलिसेकंद, एफओव्ही (चित्रात येणारा भाग) १८० मिलिमीटर, मॅट्रिक्स (ठिपक्यांची संख्या) २२५, म्हणजे ०.८ मिलिमीटरचा वोक्सेल. तिसऱ्या दिशेलाही ०.८ च ठेवा, नाहीतर थ्रीडी फिरवल्यावर पायऱ्या दिसतील. ११२ स्लाइसमध्ये ९० मिलिमीटर मिळतात, वाटी आणि दंडाचा गोळा दोन्ही बसतात. वेळ काढा: २२५ गुणिले ११२ गुणिले ०.०२४, म्हणजे दहा मिनिटं. पॅरलल इमेजिंग २ (दुप्पट वेग) लावलं की पाच. याहून लांबवू नका. दुखऱ्या खांद्याचा पेशंट पाच मिनिटांपुढं हलतोच.

फ्लिप अँगल (पल्सनं चुंबकत्व किती कलवायचं तो कोन) १२ ते १५ अंश. तो वाढवला की टी-वनचा परिणाम चढतो आणि सांध्यातलं पाणी काळवंडतं. उलटं केल्यावर तेच पाणी पांढरं होऊन हाडाला चिकटलेल्या तुकड्यासारखं दिसतं.

बँडविड्थकडे (सिग्नल वाचण्याच्या वेगाकडे) सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पिक्सेलला २२० हर्ट्झ ठेवली तर चरबी अख्खा एक पिक्सेल सरकते, म्हणजे ०.८ मिलिमीटर. एका बाजूचा कॉर्टेक्स जाड, समोरच्या बाजूचा पातळ. ४४० ठेवली तर सरकणं निम्म्यावर येतं. सिग्नल कमी होईल, चालेल. रीडआउट मोनोपोलर, म्हणजे प्रत्येक इको एकाच दिशेनं वाचणारा, निवडा. बायपोलरमध्ये एक इको डावीकडे सरकतो, पुढचा उजवीकडे, आणि बेरीज केली की कड दुहेरी होते.

प्रोसेसिंग असं: चारही इकोंची बेरीज करायची, त्यातून शेवटचा इको वजा करायचा, मग उलटं करायचं. उलटं करण्याआधी कॉइलच्या उजेडाची दुरुस्ती, म्हणजे नॉर्मलाइज फिल्टर, चालू हवा. नाहीतर कॉइलपासून लांबचा स्नायू आधीच काळपट असतो, तो उलट्या चित्रात हाडासारखा पांढरा होऊन थ्रीडी मॉडेलमध्ये घुसतो.

खांदा बोअरच्या (मशीनच्या बोगद्याच्या) मधोमध येत नाही ही त्या सांध्याची मूळ अडचण. पेशंटला दुसऱ्या कडेला जेवढं सरकवता येईल तेवढं सरकवा, शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) फक्त खांद्यावर घ्या, डिस्टॉर्शन करेक्शन थ्रीडीवर ठेवा. टूडीवर राहिलं तर मोजमाप स्लाइसच्या दिशेनं चुकतं. हात अंगालगत, तळवा वर किंवा मांडीकडे, त्यावर वाळूची पिशवी. फेजची दिशा छातीकडून खांद्यावर येऊ देऊ नका, श्वासाच्या सावल्या थेट वाटीवर पडतात.

निपाणी_एमआर

मनापासून आभार, दोघांचेही. बँडविड्थचा मुद्दा उद्याच बघतो, आमचा तयार प्रोटोकॉल बहुतेक २०० च्या जवळ आहे.

दोन गोष्टी अजून विचारतो. लेब्रमही काळाच असतो ना? मग वाटीच्या कडेला हाड कुठं संपतं आणि लेब्रम कुठं सुरू होतो हे उलट्या चित्रात कसं धरायचं? आणि सर्जन टक्क्यांत उत्तर मागतात. मिलिमीटरभराच्या चुकीनं टक्के किती हलतात?

खांदा_गुडघा

सर्जनच्या बाजूनं उत्तर देतो, कारण टक्के मागणारे आम्हीच.

वाटी समोरून बघायची, गोळा काढून टाकलेल्या थ्रीडी चित्रात. खालच्या दोन-तृतीयांश भागावर वर्तुळ बसवायचं, मागची आणि खालची शाबूत कड धरून. समजा वर्तुळाचा व्यास २८ मिलिमीटर आला आणि पुढून ५ मिलिमीटर हाड गेलंय. ५ भागिले २८ म्हणजे जवळजवळ १८ टक्के. याच २८ मिलिमीटरच्या वाटीत एक मिलिमीटर इकडंतिकडं झालं की साडेतीन टक्के हलतात. वीस टक्क्यांच्या पुढं हाड गेलं असेल तर नुसतं लेब्रम शिवून भागत नाही, हाडाचा तुकडा बसवायचा विचार सुरू होतो. खेळाडूंच्या बाबतीत साडेतेरा टक्क्यांपासूनच आम्ही सावध होतो. म्हणजे १८ च्या जागी १४ किंवा २१ निघालं तर ऑपरेशनच बदलू शकतं. ०.८ चा वोक्सेल ही चैन नव्हे, गरज आहे.

लेब्रमची भीती तुम्ही बरोबर ओळखलीत. लेब्रम वाटीला चिकटून पांढरा झाला की वाटी मोठी दिसते, हाड कमी गेलंय असं वाटतं आणि चूक नेमकी धोक्याच्या दिशेनं होते. म्हणून थ्रीडी मॉडेलवर थेट मोजू नका. वर्तुळ मॉडेलवर बसवा, पण कड ठरवताना तीच जागा न उलटलेल्या अ‍ॅक्सियल चित्रात उघडा. हाडाच्या आत मज्जेची चरबी उजळ असते. ती उजळ जागा जिथं संपते तिथून कॉर्टेक्सची पातळ रेघ धरायची आणि तिथंच थांबायचं. त्याच्या पुढचं काळं त्रिकोणी टोक लेब्रमचं. तुटलेल्या तुकड्यात मज्जा उरलेली नसेल, नुसतं कॉर्टेक्सचं चिपाड असेल, तर ही युक्ती चालत नाही. दोन-तीन मिलिमीटरचं असं चिपाड एमआरवरून लेब्रमपासून वेगळं काढता येत नाही. त्या पेशंटला सीटी लिहून द्या.

दंडाच्या गोळ्यावरच्या हिल-सॅक्स (खांदा निखळताना पडलेल्या) खड्ड्याचंही माप द्या. व्यासाचे ८३ टक्के घ्यायचे, त्यातून गेलेलं हाड वजा करायचं. वरच्या उदाहरणात ०.८३ गुणिले २८ म्हणजे २३.२, वजा ५, उरले १८.२ मिलिमीटर. खड्ड्याची रुंदी आणि टेंडनपर्यंतचा हाडाचा पूल मिळून यापेक्षा जास्त भरले, समजा २० आले, तर खड्डा ट्रॅकबाहेर (वाटीला टेकणाऱ्या पट्ट्याबाहेर) आहे आणि तो अडकणार. इथं एमआर सीटीपेक्षा उजवा आहे. टेंडन हाडाला जिथं चिकटतो ती जागा एमआरमध्ये नीट दिसते.

खुब्याबद्दल एक सूचना. इम्पिंजमेंटसाठी (हाडावर हाड आपटणं) अल्फा अँगल आणि सेंटर-एज अँगल (गोळ्याचा आणि वाटीचा आकार सांगणारे कोन) सिंथेटिक सीटीवर छान मोजता येतात, पण फीमरचा (मांडीच्या हाडाचा) पीळ मोजायला गुडघ्याचे कॉन्डाइल (हाडाच्या टोकाचे गोल भाग) लागतात. पेल्व्हिसचा स्कॅन तिथपर्यंत पोचत नाही. पाय न हलवता टेबल सरकवून गुडघ्यावर अ‍ॅक्सियलचा छोटा ब्लॉक घ्या, दोन मिनिटांचं काम. दोन्ही अंगठे आधीच एकमेकांना पट्टीनं बांधा. मधे पाय फिरला तर पिळाचा आकडा निरर्थक.

आणि अपघाताच्या पेशंटला हे प्रयोग नकोत. हायवेवरून आलेला असिटॅब्युलम (खुब्याची वाटी) फ्रॅक्चर असेल तर सरळ सीटी. रक्त साठलेलं, सांध्यात बारीक तुकडे, पेशंट वेदनेनं तळमळतोय. मिनिटांत उरकणारी तपासणी सोडून त्याला बोअरमध्ये निजवणं बरं नाही.

सीमाभाग_रेडिओ

डॉक्टरांशी सहमत. सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंच, तर विक्रेत्याला काय विचारायचं ते लिहितो.

कुठल्या अवयवासाठी मान्यता आहे? पेल्व्हिससाठी शिकवलेलं नेटवर्क खांद्यावर चालवायचं नसतं. ते चित्र देईल, देखणंही देईल, पण त्याला जे ठाऊक नाही ते सरासरी अंदाजानं भरून काढेल. किती वयापुढच्या पेशंटांसाठी? वाढीच्या वयातल्या मुलांत ग्रोथ प्लेट (हाड वाढवणारा कूर्चेचा थर) उघडी असते, प्रौढांवर शिकलेलं नेटवर्क ती बुजवू शकतं. किती टेस्ला, कुठला मशीन-मेक, कुठला सिक्वेन्स? भारतात वैद्यकीय सॉफ्टवेअर २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली येतं, म्हणून सीडीएससीओची (केंद्रीय औषध नियामकाची) कागदपत्रं मागा. युरोपचा सीई शिक्का दाखवला म्हणजे इथलं काम झालं असं नाही.

हा सगळा विषय रेडिओथेरपीतून वाढलेला आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरला फक्त एमआरआयवर प्लॅनिंग करता यावं म्हणून सिंथेटिक सीटी आधी तिथं रुळलं. तिथं किरणांच्या डोसात एखाद-दोन टक्क्यांची चूक चालून जाते. त्यामुळे विक्रेते अख्ख्या शरीराची सरासरी हाउन्सफील्ड चूक अभिमानानं दाखवतात. आपल्याला त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. सरासरी चांगली असूनही वाटीच्या कडेचा एक मिलिमीटर गायब असू शकतो. कडेचं अंतर मिलिमीटरमध्ये किती चुकतं, ते विचारा.

हाउन्सफील्ड आकडे दिसतात म्हणून त्यावरून हाडाची घनता काढू नका. बारीक जाळीची रचना नेटवर्क गुळगुळीत करतं. ऑस्टिओपोरोसिसला (हाडं ठिसूळ होणं) डेक्साच (घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी). धातू असेल, स्क्रू असो की प्लेट, तर आसपासचं काहीही वाचू नका. ट्यूमर आणि फुटकळ कॅल्शियमचे डाग यांच्यासाठीही नको. आपल्या उत्तर कर्नाटकात फ्लोराइडचं पाणी पिणारी गावं आहेत, तिथली हाडं सर्वत्र घट्ट झालेली असू शकतात. नेटवर्कनं अशी हाडं शिकताना पाहिलेली असतील असं धरून चालू नका. खुब्याच्या एव्हीएनमध्ये (रक्तपुरवठा तुटून हाड मरणं) गोळा खचायला लागलाय का, हा प्रश्न असेल तर सबकॉन्ड्रल (कूर्चेखालच्या) फ्रॅक्चरची फट फार बारीक असते, आणि तिच्यात गॅसही असू शकतो. तिथं खरा सीटीच करा.

कमरेत पार्सचा (मणक्याच्या मागच्या अरुंद पुलाचा) फ्रॅक्चर हा मात्र चांगला उपयोग आहे. तालमीतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं कंबर धरून येतात, त्यांना ६ मिलिसिव्हर्ट द्यायची इच्छा नसते. इन-फेज मल्टी-इको सॅजिटलमध्ये ०.८ च्या आसपास घ्या, पार्सच्या तिरक्या रेषेत रिफॉर्मॅट करा, जोडीला स्टर. स्टरमध्ये सूज आहे आणि कॉर्टेक्स सलग आहे, म्हणजे हाड अजून पूर्ण तुटलेलं नाही आणि विश्रांतीनं भरून यायची आशा चांगली. कडा गोल, घट्ट आणि सूज नाही, म्हणजे जुनं.

फिल्मवर आणि सीडीवर प्रत्येक चित्रावर ठळक लिहा: एमआरआयवरून तयार केलेलं, क्ष-किरण वापरलेले नाहीत. रिपोर्ट मराठीतून समजावा की कन्नडमधून, पेशंटला हे तोंडीही सांगा. पुढं मिरजेत किंवा हुबळीत दुसरा डॉक्टर ते चित्र बघून खरा सीटी झालाय असं समजला तर सगळीच गफलत. विंडो (चित्राच्या उजेडाची पट्टी) साधारण २००० रुंद आणि ५०० मध्य, पण हे फक्त सिंथेटिक सीटीला. तुमच्या उलट्या चित्राला हे आकडे लागू होत नाहीत, तिथं डोळ्यानं जमवावं लागतं.

इको_टाइम

पेशंटवर मोजमाप द्यायला लागण्याआधी सिक्वेन्स तपासून घ्या, स्वस्तात होतं. खाटकाकडून बकऱ्याचा खांदा मांसासकट आणा, पिशवीत गच्च गुंडाळा, हवा आत राहू देऊ नका. फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, थंड चरबीचा सिग्नल वेगळा येतो. स्कॅन करा, वाटीची लांबी-रुंदी मोजून कागदावर लिहा. मग मांस काढून, हाड उकळून साफ करून व्हर्नियर कॅलिपरनं तेच मोजा. फरक एका वोक्सेलच्या आत यायला हवा. त्याहून जास्त आला तर आधी डिस्टॉर्शन करेक्शन आणि मग बँडविड्थ बघा. नमुना मधे ठेवून एकदा आणि नेहमी पेशंटचा खांदा येतो तिथं ठेवून एकदा, असं दोनदा करा.

विकतच्या सिंथेटिक सीटीची अशी परीक्षा घेता येत नाही, कारण नेटवर्क माणसाच्या हाडांवर शिकलेलं असतं. त्यासाठी ज्यांचा सीटी आधीच झालाय असे पेशंट निवडा, दोन वेगळ्या लोकांना एकमेकांचे आकडे न दाखवता मोजायला लावा.

आणि चारही इको वेगवेगळे सेव्ह करा, नुसती बेरीज नको. गॅस की हाड हा प्रश्न पेशंट निघून गेल्यावरच उठतो, तेव्हा पहिला आणि शेवटचा इको हाताशी असला पाहिजे. सीडीवर टाकतानाही तेच.

निपाणी_एमआर

कळलं सर. बकऱ्याचा खांदा रविवारी आणतो, त्या दिवशी मशीन दुपारनंतर मोकळं असतं. मधे ठेवून आणि कडेला ठेवून आलेली दोन्ही मापं इथं टाकतो. तोवर सर्जनना वाटीचे टक्के कळवत नाही, नेहमीचा लेब्रमचा रिपोर्टच जाईल.